गाडी लागली

तुफुओ, ती गारी आत्ताच चवळीवर टाकू नकोस. खा रे, खा, तुझ्या पोटावर का पाय देऊ मी, पण जरा तिकडे तोंड करून खा. ती रश्शात पडून फुगायला लागली ना, की माझ्या पोटात काय होतं ते तुला आत्ता कळेलच. शनिवारपासून मी गारीला हात लावलेला नाही. आई विचारते, बोआडी, बरं नाही का वाटत? आता एवढा वाढलेला मी, कसाव्याच्या रव्याला घाबरतो हे तिला कसं सांगू?

तर तुम्ही सगळे कधीचे विचारताय, सेरवाच्या घरी मागणीचं दार ठोठावून आलास का, दारूच्या बाटल्या घेतल्या का त्यांनी, लग्नाचं काय. सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो, मध्ये तोंड घालू नका, नाहीतर मला परत तो वास आठवेल आणि मी उठून जाईन.

मामाची बस तुम्हाला माहीत आहे. अख्ख्या केजेतिया स्टँडला माहीत आहे. मागच्या काचेवर लाल रंगात 'घाई कशाला' लिहिलंय आणि ते वाचत वाचत मागचे सगळे हॉर्न मारत असतात, तीच. अंत्वीमामानं ती घेतली तेव्हा मी रांगत होतो, आणि तेव्हाच ती म्हातारी होती. मी मोठा झालो तो तिच्या दाराला लटकून. ओरडून ओरडून गिऱ्हाईक भरायचं, पैसे गोळा करायचे, हे कंडक्टरचं काम सगळेच करतात. माझं खरं काम पाण्याचं. बस थांबली की उतारू नंतर, आधी रेडिएटर. लोक प्यायला पाण्याच्या पिशव्या घ्यायचे, मी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघायचो की ते अर्धी पिऊन उरलेली मलाच द्यायचे. बस कुठून गळते ते विचारू नका, कुठून गळत नाही ते विचारा. वरच्या होजपाइपातून गळायची, पंपाजवळून गळायची, रेडिएटरच्या तर जाळीतूनच पाझरायची, घामासारखी.

आता शहाणा माणूस काय करेल? रेडिएटर काढेल, धुवेल, भोकं झाळून घेईल. मामा नाही. मामा गाडीला पाजतो. त्याचं म्हणणं असं की गाडीचं दुखणं हे माणसासारखं पोटातूनच बरं होतं. पहिल्यांदा त्यानं कच्चं अंडं फोडून टाकलं. गरम पाण्यात अंडं शिजतं, तुकडे होतात, तुकडे भोकात जाऊन बसतात आणि गळती थांबते. खरंच थांबते. हीच तर सगळी पंचाईत आहे, थांबली नसती तर मामा तिथेच शहाणा झाला असता. अंड्याचं सुटलं की मिरपूड. मिरपूड सुटली की कपड्याचा साबण किसून. आणि मग एके दिवशी मामा जेवायला बसला होता, गारी भिजत होती, फुगत होती, आणि मामा तिच्याकडे बघत बसला. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. जेवण तसंच ठेवून तो उठला आणि मूठभर गारी घेऊन बसकडे गेला.

गारी फुगली, भोक बुजलं. दोन दिवस एक थेंब नाही. मामा बॉनेटवर हात ठेवून असा उभा होता, जसं काही ही विद्या त्याला स्वप्नात कुणी देऊन गेलंय.

पण आत काय चाललं असेल याचा विचार करा. अंडं, साबण, मिरपूड, गंज, त्यात गारी, आणि त्यावर रोज उकळी. रात्री गार व्हायचं, आंबायचं. सकाळी परत उकळायचं. झाकण उघडलं की जो वास यायचा तो मी सांगू शकत नाही. कुणीतरी खाऊन ओकलं, ते झाकून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी परत चुलीवर चढवलं, असा काहीतरी. उन्हाळ्यात तो पायाखालून आत यायचा. एकदा एका बाईनं पूर्ण बस थांबवून प्रत्येकाच्या पिशव्या तपासायला लावल्या, कुणाचं जेवण नासलंय म्हणून. मामा आरशातून बघून म्हणाला, लोक काय काय घेऊन चढतात.

आणि तुम्हाला माहीतच आहे, आपल्यात मामाचं ते भाच्याचं. लोकांच्या मामांकडे कोकोचे मळे असतात. घरं असतात, निदान एखादा साग लावलेला असतो. माझा मामा बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "बोआडी, हे सगळं तुझंच आहे." आणि थाप बसली की खालून टप, टप.

सेरवा मला याच बसमुळे भेटली, तेही सांगून टाकतो. अकुमादानहून, तिच्या गावाहून, ती टोमॅटोच्या पेट्या घेऊन कुमासीला येत होती, पेट्या आमच्या टपावर, आणि अबोफोरजवळ बस उकळली. तिनं स्वतःच्या डब्यातलं पाणी मला दिलं. मी ओततोय, ती बघतेय. सगळं पाणी संपलं तरी वरपर्यंत येईना. तेव्हा ती म्हणाली, "ही पिते किती आणि चालते किती. असला नवरा असता तर मी कधीच हाकलला असता." झालं, मी गेलोच. पुढे आमचं ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली. मामाला आण, मावशीला आण, पण ती बस आमच्या दारात आणू नकोस.

हे मी मामाला कसं सांगणार? तरी सांगितलं. तो जेवत होता. हात धुतले, खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि म्हणाला की भाच्यासाठी मागणी घालायला मामा दुसऱ्याच्या गाडीतून गेला तर लोक विचारतील, मामाची गाडी मेली का. आणि मामाची गाडी मेली तर भाच्याकडे काय उरलं? मग मुलगी कशाला देतील? बोलला असं की मलाच क्षणभर पटलं.

म्हणून शुक्रवारी बस मॅगझीनमध्ये नेली, त्या गॅरेजांच्या वस्तीत, डापा फिटरकडे. डापानं झाकण उघडलं आणि चार पावलं मागे गेला. म्हणाला, हे रेडिएटर आहे का मडकं? काढ म्हणाला, सगळं काढून धुतलं पाहिजे, भोकं झाळू, नवा होज घालू आणि कूलंट भरू, ते हिरवं. मामा म्हणाला, पाण्याला हिरवा रंग देऊन विकायचे धंदे आहेत ते. आणि काढायचं नाव काढू नकोस. याला तसं कारण आहे. फार पूर्वी एका फिटरनं मामाचा तांब्याचा रेडिएटर काढला, मामा जेवायला गेला, परत आला तर गाडीवर पत्र्याचा. तेव्हापासून मामा म्हणतो, दात काढायला गेलो आणि जबडा ठेवून आलो.

तर काढायचा नाही, पण आतलं थोडं तरी उपसायला हवं, कारण वरून पाणीच जाईना. खालचा नळ गारीनं बंद. डापानं एक रबरी नळी आत सोडली आणि दुसरं टोक पुढे केलं. ओढायचं तोंडानं. मी म्हटलं, तू ओढ, तू फिटर. तो म्हणाला, "ज्याची गाडी त्याचं तोंड." मी मामाकडे पाहिलं. मामा माझ्याकडे बघत होता.

"तुझंच आहे ना सगळं," तो म्हणाला.

मी ओढली. आधी काहीच येईना, गाल आत गेले, डोळे बाहेर आले. मग एकदम गोळा सुटला आणि तोंड भरलं. तुफुओ, चमचा खाली ठेव. ते पाणी नव्हतं. ते कोमट होतं, बुळबुळीत, दातांत कचकच, आणि मधेच काहीतरी मऊ, लिबलिबीत, ते अंडं होतं, किती जुनं देव जाणे. आंबट आणि वरून साबण. मी थुंकलो, थुंकत राहिलो, जीभ शर्टाला पुसली. डापा हसून हसून टायरवर बसला. आणि मामा? मामानं तेवढ्यात उरलेल्या जागेत ताजी गारी ओतली. नेहमीच्या दुप्पट. प्रवास लांबचा आहे म्हणाला.

शनिवारी पहाटे निघालो. मामा चालवायला, त्याचं ते निळं-पांढरं कापड खांद्यावर. फोसुवामावशी मधल्या सीटवर, मांडीवर टोपली, टोपलीत दोन बाटल्या श्नॅप्सच्या. त्या हिरव्या चौकोनी, सीलबंद, भेटीच्या. मावशीनं त्या अशा धरल्या होत्या जशी जुळी पोरं. मी दाराशी. सवयीनं लटकत होतो, मावशी ओरडली, नवरदेव आहेस, आत बस.

ओफिन्सोपर्यंत छान. हरमटनच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस, धूळ हवेत उभी, सूर्य अंड्याच्या बलकासारखा. नाही, अंडं नको. अबोफोर गेलं आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. मी म्हटलं, मामा, काटा. मामा म्हणाला, काट्याकडे बघू नये, तो घाबरतो. पुढच्या चढाला बॉनेटखालून फुस्स झालं आणि काचेपुढे सगळं पांढरं. गारीनं भोकं बुजवली होती, पण नळ्यासुद्धा बुजवल्या होत्या. पाणी फिरायला जागाच नाही. मग वरचा होज फाटला. मामानं तो सायकलच्या ट्यूबनं बांधला, पण आतलं पाणी होतं तेवढं सगळं रस्त्यावर पडलं होतं. घट्ट, वाफाळतं. कुत्रंसुद्धा जवळ येईना.

बरोबर आणलेल्या पाण्याच्या पिशव्या एकेक करून त्यात ओतल्या, अर्धंही भरेना. विकणारं कुणी दिसेना. मावशी टोपली सीटवर ठेवून रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन बसली, धूळ नको म्हणून तोंडावर कापड घेऊन. मी डबा घेऊन खाली ओढ्याकडे पळालो. ओढा कसला, डबकं. त्यात गुरं उभी होती. गुरांच्या पायांतून जेवढं मिळालं तेवढं भरलं आणि चढ चढून परत आलो, नव्या शर्टावर चिखल.

बघतो तर इंजिन सुरू. मामा बॉनेटला टेकून उभा, चेहऱ्यावर समाधान. हातात हिरवी चौकोनी बाटली. रिकामी.

तो म्हणाला, उशीर झाला तर सेरवाकडची माणसं दंड करतील, त्यापेक्षा एक बाटली गेलेली बरी. अकुमादानला दुसरी घेऊ, मावशीला सांगू नकोस. रिकामी त्यानं झाकण लावून परत टोपलीत ठेवली. वर म्हणतो की इंजिनानं काय आनंदानं घेतली बघ. मी डबक्यातलं पाणी वरून ओतलं. आता आत काय काय होतं ते तुम्हीच जुळवा. मला सांगायला लावू नका.

अकुमादानला पोचलो. मावशी टोपली बसमध्येच ठेवून ओळखीच्या एका घरी उतरली, धूळ धुवायला आणि चांगलं कापड नेसायला. आम्ही बाटली शोधायला. एक दुकान बंद, मालक मयताला गेलेला. दुसऱ्यात बिअर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गावठी. मागणीला पिशवीतली गावठी घेऊन जाऊ का? मी म्हटलं मामा, एकच बाटली देऊ, माफी मागू, सांगू गाडी बंद पडली. मामा एकदम ताठ झाला. म्हणाला, गाडी बंद पडली हे मागणीच्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. दोन म्हणजे दोन.

मग त्यानं बस एका कडुलिंबाखाली लावली आणि ती गार होईपर्यंत बसून राहिला. मला वाटलं, हरला. तेवढ्यात तो म्हणाला, "दारू आहे की आपल्याकडे."

"कुठंय?"

त्यानं हनुवटीनं बॉनेट दाखवलं.

मी हसलो. खरंच, मला वाटलं थट्टा करतोय. तो उठून नळी आणायला गेला तेव्हा माझं हसू गेलं. मी म्हटलं, मामा, ते पाणी आहे, डबक्यातलं, त्यात गारी आहे, अंडं आहे. तर तो मला समजावून सांगतो, शांतपणे, जसं लहान पोराला हिशेब शिकवावा. बाटली त्यात ओतली होती की नाही? ओतली होती. कुणी काढून घेतली का? नाही. मग ती तिथेच आहे. आपण कुणाला फसवत नाही, आपली वस्तू आपण परत घेतोय. आणि खरं सांगू? तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते पटलं होतं. मला शिसारी आली ती याची. दारू तर केव्हाच वाफ होऊन आभाळात गेली असणार. पितर वर राहत असतील तर त्यांना त्यांची आधीच पोचली.

नळी त्यानं माझ्यापुढे धरली. मी मागे सरकलो. म्हटलं, मारून टाक, पण नाही. मग त्यानं स्वतः ओढली. घोटभर तोंडात घेतलं, खळखळून थुंकलं, जीभ टाळ्याला लावून क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "थोडी लागतेय."

आणि बाटली भरली. स्वतःचा पांढरा रुमाल तोंडावर धरून गाळून भरली. रुमालावर जे उरलं ते त्यानं झटकलं, रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. काच हिरवी, आतला रंग दिसेना. झाकण घट्ट फिरवलं, चांदीचा कागद थुंकीनं चिकटवला. टोपलीत खरी पुढे, ही मागे.

नानांच्या अंगणात पोचलो तेव्हा सगळे बसलेले. नाना आंपोन्सा म्हणजे सेरवाच्या आईचे मामा, त्यांच्या कुळातले सगळ्यांत वडील. वाळलेले, एक डोळा पांढरा पडलेला, पण टोमॅटो नाकाजवळ नेऊन सांगतात हा किती दिवस टिकेल. बस फाटकातून आत आली आणि तिनं असा एक आचका देऊन वाफ सोडली की कोंबड्या उडाल्या. घराच्या दारात सेरवा उभी होती. बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आत निघून गेली.

पाहुण्यांना पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं. मामा उभा राहिला, आणि काय बोलला, तुम्हाला सांगतो, तुमच्या अंगणात एक फूल पाहिलं, वाऱ्याबरोबर त्याचा वास आमच्यापर्यंत आला. वास म्हणाला. मी खाली मान घातली. मागणीत नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं, हे एक बरं होतं.

मावशीनं टोपली पुढे केली. तिला बिचारीला काहीच माहीत नाही, ती हसत होती. नानांनी हात पुढे केला, पुढच्या बाटलीवरून पलीकडे नेला आणि मागची उचलली. म्हणाले, "पुढची दाखवायची असते. मागची प्यायची."

झाकण फिरलं. फार सहज फिरलं. नाना क्षणभर थांबले, एवढंच. ग्लासात ओतली, आणि रीत आहे तसं आधी मामाकडे दिली. आणणाऱ्यानं आधी चाखायची, म्हणजे कळतं की आत वाईट काही नाही.

मला वाटलं आता मामा अडकला. आता तरी काहीतरी बोलेल, ग्लास सांडेल. मामानं ग्लास घेतला आणि प्यायला. एका दमात. डोळ्याची पापणी हलली नाही. नानांनी विचारलं, कशी आहे? मामा म्हणाला, "जुनी आहे, नाना. मुरलेली."

त्याच्या वरच्या ओठावर गारीचा एक दाणा राहिला होता. फुगलेला, पांढरा. त्यानं तो जिभेनं आत घेतला.

नाना उठले. चपला काढून बाजूला ठेवल्या, कापड खांद्यावरून खाली घेतलं, ग्लास परत भरला आणि जमिनीवर ओतण्याआधी आपल्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारायला लागले. या, प्या, तुमच्या मुलीसाठी लोक आलेत. सगळं अंगण 'खरं आहे, खरं आहे' म्हणतंय. ग्लास तिरका होतोय. आणि तो वास माझ्यापर्यंत आला. शुक्रवारचं सगळं तोंडात परत आलं, तो कोमट गोळा, ते कचकच, आणि डोळ्यांपुढे मामाची ती जीभ. मी तोंडावर हात दाबला. दोन्ही हात दाबले. काही उपयोग झाला नाही.

ओकलो. सगळ्यांच्या समोर, मागणीच्या दिवशी. आणि कशावर? नानांच्या चपलांवर.

नानांचा ग्लास तसाच हवेत, एक थेंब पडला नव्हता. मावशीनं देवाचं नाव घेतलं. मामा लगेच पुढे झाला, हसत. म्हणाला, "माफ करा, नाना. लांबचा प्रवास. गाडी लागली त्याला."

नानांनी तो चांगला डोळा माझ्यावर रोखला. "हा कंडक्टर ना? कंडक्टरला गाडी लागते?"

आता बघा, मामानं मला वाट करून दिली होती. मी फक्त मान हलवायची होती. पण मी त्याच्याकडे पाहिलं. तो मला डोळ्यांनी खुणावत होता, हलव, हलव मान. तो रुमाल खिशातून अर्धा बाहेर आलेला, पिवळा. आणि मला दिसलं की हे असंच चालणार. तो पाजणार, मी मान हलवणार, आणि एक दिवस त्याच्या जागी मी असेन, आणि माझ्या भाच्याच्या तोंडासमोर नळी धरेन.

मी म्हटलं, "हो नाना. गाडीच लागलीय मला. लहानपणापासून लागलीय."

आणि मग पोटातलं बाहेर आलंच होतं, तर उरलेलंही ओकलो. अंडं, साबण, मिरपूड, गारी, बाटली, डबकं, कडुलिंब, नळी, रुमाल. सगळं. नानांचा हात हळूहळू सरळ झाला, त्यांनी ग्लास जमिनीवर ठेवला, पितरांना दोन शब्द हळू आवाजात बोलले, मला ऐकू नाही आले. मामा मात्र खुर्चीत बसला तो जसं काही हवा गेली. मावशी त्याला जे बोलली ते मी इथे सांगणार नाही, ती माझी मावशी आहे.

मला वाटलं आता हाकलणार. नाना म्हणाले, मुलीला बोलवा. रीत म्हणजे रीत, मुलीला तीनदा विचारल्याशिवाय दारू घ्यायचीही नाही आणि परत करायचीही नाही.

सेरवा आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं. नानांनी विचारलं, "यांची दारू घेऊ का?"

तिनं बाटली उचलली, वास घेतला, तळहातावर थोडी ओतली. बोटांनी दाणे चुरडून पाहिले. मग मला म्हणाली, "तू हे प्यायलास?"

"शुक्रवारी. तोंडात घेतलं फक्त. गिळलं नाही."

नानांनी दुसऱ्यांदा विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "थोडं गिळलं असेल."

तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तिनं हात कापडाला पुसला आणि म्हणाली, "पुढची घ्या. मागची ज्यांची त्यांना द्या."

म्हणजे काय ते कुणालाच कळेना. दोन बाटल्यांचं दार, एक घेतली. बरीच कुजबुज झाली. शेवटी नाना म्हणाले, दार अर्धं उघडलंय. येत्या शनिवारी दुसरी आणा, दुकानातून आणा, सीलबंद आणा, म्हणजे पूर्ण उघडेल. आणि वर माझ्यासाठी चपला. पण ही गाडी फाटकाच्या आत दिसली तर अर्धं उघडलेलंही बंद.

मामानं बाहेर आल्यावर मला एकच वाक्य ऐकवलं. "ही बस आता तुला मिळणार नाही." मी तिथेच धुळीत त्याच्या पाया पडलो. म्हटलं, मामा, शब्द दिलास, आता फिरवू नकोस.

बस सगळ्यांनी ढकलून फाटकाबाहेर काढली, पण ती काही सुरू झाली नाही. आम्ही टोमॅटोच्या ट्रकमधून परत आलो, मावशी आणि मी, पेट्यांवर बसून. मामा आला नाही. बस सोडून येणार नाही म्हणाला. तो अजून तिथेच आहे, नानांच्या फाटकाबाहेर, मागच्या सीटवर झोपतो. सेरवा त्याला दोन्ही वेळेला जेवण नेऊन देते. काय देते माहीत आहे? गारी. निरोप पाठवलाय तिनं, तुझा मामा आवडीनं खातो म्हणून.

आणि काल दुसरा निरोप आला. मामानं तिथल्या फिटरला रेडिएटर काढू दिला. सेरवानं काय सांगितलं त्याला कोण जाणे. तो शेजारी स्टूल टाकून बसला होता, पापणी न लवता, कुणी बदलेल म्हणून. आतून पाणी नाही निघालं. एक अखंड लादी निघाली, रेडिएटरच्या आकाराची, करडी, वर जाळीचे छाप उमटलेले, पाव काढावा साच्यातून तशी. जमिनीवर पडली तर हलत होती म्हणे. बकरी आली, तिनं हुंगलं, आणि बकरी निघून गेली. बकरी रे. ती जुने बूट खाते.

हं, खा आता तू, मी संपवलं. की भूक गेली? ठेव मग बाजूला, कारण मला तुझ्याशीच काम आहे. शनिवारी मी, मावशी, एक सीलबंद बाटली आणि नानांच्या चपला. मावशीच बोलणार आहे आमच्याकडून. आपल्या सगळ्यांत टॅक्सी तुझ्याकडेच आहे, तुफुओ. नाही म्हणू नकोस, पेट्रोल माझं.

पण आधी चल बाहेर. बॉनेट उघड, झाकण काढ आणि बाजूला हो. मला वास घेऊ दे.